जुन्या इंजिनाचं मागचं क्रँक सील: बदलण्याआधी काय तपासायचं आणि बदलताना काय सांभाळायचं

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना जोडलेले असतात, नेमकं त्याच्या खाली जमिनीवर तेलाचा डाग दिसू लागला की गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात होतं: "मागचं सील गेलंय." म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारी कडी. सील स्वतः स्वस्त असतं. पण तिथवर हात पोचायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो, कधी फ्लायव्हीलही, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकावरचं जड चाक. जीप असेल तर गिअरबॉक्सबरोबर ट्रान्सफर केससुद्धा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. बिल होतं ते या उतरवण्या-चढवण्याचं. एवढं करून गाडी रस्त्यावर आली आणि महिन्याभरात डाग पुन्हा उमटला, तर मालक मिस्त्रीला दोष देतो आणि मिस्त्री सीलच्या कंपनीला. पुण्यात जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे, की विषय मुळापासून मांडावासा वाटला.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या इंजिनात मागचं सील बहुतेक वेळा एकटं बिघडत नाही. सीलच्या आत फिरणारा शाफ्ट, त्या शाफ्टला धरणारं बेअरिंग आणि इंजिनाच्या पोटातला दाब, या तिघांपैकी कुणीतरी आधी बिघडलेलं असतं. ते न तपासता नुसतं सील बदललं, तर नवं सीलही त्याच वाटेने जातं.

तेल तिथे येतं कसं

पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा शाफ्ट म्हणजे क्रँक. तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगांवर फिरतो. विलिस जीपच्या आणि अँबेसिडरच्या जुन्या चार सिलिंडर इंजिनांत अशी तीन मेन बेअरिंगं असतात. ऑइल पंप दाबाखाली तेल या बेअरिंगांत पाठवतो. तिथे शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर तयार होतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. बेअरिंगच्या दोन्ही कडांमधून हे तेल सतत बाहेर पडून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, गळत राहतं. हे गळणं दोष नाही. तेल असं वाहत राहिलं नाही तर बेअरिंग तापून जळेल.

अडचण फक्त शेवटच्या बेअरिंगची. त्याच्या मागच्या कडेतून निघालेलं तेल शाफ्टवरून तसंच पुढे सरकलं तर थेट फ्लायव्हीलवर पोचणार. म्हणून बऱ्याच जुन्या इंजिनांत शाफ्टवर एक उंचवटा असतो, त्याला थ्रोअर म्हणतात. फिरताना तो तेल बाहेरच्या दिशेने भिरकावतो, ते एका खाचेत जमतं आणि खालच्या भोकातून चेंबरमध्ये परततं. एवढं होऊनही शाफ्टवर जो ओलावा उरतो, तेवढाच अडवणं हे सीलचं काम. तेलाचा लोंढा अडवायला सील बनवलेलंच नसतं. परतीचं ते भोक वर्षानुवर्षांच्या काळ्या गाळाने बुजलं असेल, तर जगातलं उत्तम सील लावलं तरी गाडी गळणार. चेंबर उतरवल्यावर त्या भोकात तार घालून बघायला फार वेळ लागत नाही, पण बहुतेक वेळा ते राहूनच जातं.

आता सीलला काय सोसावं लागतं ते पाहा. सील जिथे टेकतं तिथे शाफ्टचा व्यास ७० मिलिमीटर धरला, तर घेर होतो सुमारे २२ सेंटिमीटर. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे. गुणाकार केला की सीलच्या ओठाखालून धातू सेकंदाला ११ मीटर या वेगाने सरकतो, म्हणजे ताशी साधारण ४० किलोमीटर. एवढ्या वेगाने, तापलेल्या तेलात, तासन्तास. म्हणून इथे शाफ्टचा पृष्ठभाग, त्याची गोलाई आणि तो जागचा किती हलतो, यातल्या केसाएवढ्या फरकांनाही महत्त्व येतं.

आटे, दोरी आणि रबर

जुन्या इंजिनांत तेल अडवण्याच्या तीन पद्धती भेटतात. आपल्या गाडीत यातली कुठली आहे हे ठाऊक नसेल, तर पाना हातात घेऊ नये.

पहिल्या पद्धतीत सील नसतंच. अँबेसिडरमध्ये अनेक वर्षं चाललेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच्या मूळ रचनेत क्रँकच्या मागच्या टोकावर आटे कापलेले असतात. आट्यांचा पीळ असा, की शाफ्ट फिरताना बाहेर येऊ पाहणारं तेल परत आत ढकललं जातं. शाफ्ट आणि भोवतालचं घर एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये अगदी बारीक फट असते. झिजायला काही नसल्याने ही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण इंजिन बंद झालं की तिचं काम थांबतं. फटीत उरलेलं तेल खाली ओघळतं आणि रात्रीत दोन-चार थेंब पडतात. असे इंजिनवाले नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात मागचं सील मागत फिरतात तेव्हा वाईट वाटतं, कारण बदलायला तिथे काहीच नसतं. मेन बेअरिंग झिजून शाफ्ट खाली बसला, की वरची फट रुंदावते आणि खाली आटे घराला घासू लागतात. तेव्हा इलाज बेअरिंगचाच करावा लागतो. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरणं हेही या इंजिनांत गळतीचं मोठं कारण असतं. "थोडं जास्तच असू दे" ही सवय इथे महागात पडते.

दुसरी पद्धत दोरीची. ग्राफाइट चोपडलेली विणलेली दोरी दोन तुकड्यांत: अर्धी ब्लॉकमधल्या खाचेत, अर्धी खालच्या बेअरिंग कॅपमध्ये, म्हणजे बेअरिंगला खालून आवळणाऱ्या तुकड्यात. दोन्ही मिळून शाफ्टला वेढा घालतात. जुन्या विलिस इंजिनांत आधी दोरी होती, नंतर त्याच जागी बसणारं दोन तुकड्यांचं रबरी सील आलं. दोरीचा मोठा गुण म्हणजे ती क्षमाशील असते. शाफ्ट थोडा खरबरीत असला, थोडा हलत असला तरी ती तेल पिऊन फुगते आणि जागा धरते. पूर्ण कोरडेपणा मात्र तिच्याकडून अपेक्षित धरू नये. ओली राहूनच ती काम करते. गाडी चार-सहा महिने झाकून ठेवली की दोरी सुकते, आकसते, आणि पहिल्या फेरीत जोरात गळते. एरवी ठीक असलेल्या गाडीचं असं झालं, तर इंजिन उघडण्याआधी आठवडाभर रोज गाडी चालवून बघावी.

तिसरी पद्धत रबरी ओठाच्या सीलची. आजच्या बहुतेक गाड्यांत ओठाचंच सील असतं. धारदार ओठ, त्याच्या पाठीशी गोल स्प्रिंग, आणि ओठ शाफ्टला हलका दाबून बसलेला. वरवर पाहता वाटतं की ओठ तेल पुसून काढतो. प्रत्यक्षात चांगलं सील शाफ्टला कोरडं टेकतच नाही. ओठाखाली तेलाचा अतिशय पातळ थर असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा, आणि ओठ त्या थरावर चालतो. मग तेल बाहेर का येत नाही? ओठाच्या दोन्ही बाजूंचे कोन मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात: तेलाकडची बाजू उभी, हवेकडची पसरट. शाफ्ट फिरू लागला की ओठाच्या रबरावरची सूक्ष्म खडबड त्या कोनांमुळे अशी ताणली जाते, की थरातलं तेल बाहेरून आत ढकललं जातं. चांगलं सील म्हणजे एक बारीकसा पंपच असतो.

हे कळलं की दोन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. सील उलटं बसवलं तर तोच पंप तेल बाहेर काढतो. म्हणून ओठ आणि स्प्रिंगची बाजू कायम तेलाकडे, म्हणजे इंजिनाच्या आत. आणि शाफ्टला लेथवर पॉलिश पेपर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत मारला, तर पृष्ठभागावर पिळाचे बारीक ओरखडे उमटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा पीळ चुकीच्या दिशेचा असेल तर तेही तेल बाहेर ओढतात. पेपर शाफ्टभोवती एकाच जागी धरून फिरवावा, सरकवू नये. भोसरी-चिंचवडच्या बाजूला क्रँक ग्राइंडिंगची वर्कशॉप्स आहेत. क्रँक देताना टर्नरला हे स्पष्ट सांगून ठेवावं. चांगल्या टर्नरला त्याचा राग येत नाही.

आणखी एक सापळा. दोरीचं सील असलेल्या काही इंजिनांत शाफ्टवर मुद्दाम तिरप्या रेषा कोरलेल्या असतात, तेल आत परतवण्यासाठी. अशा शाफ्टवर हौसेने रबरी सील बसवलं, तर त्या रेषा कानशीसारख्या चालून ओठ खाऊन टाकतात. रबर हवंच असेल तर आधी तेवढा पट्टा ग्राइंड करून गुळगुळीत करायला हवा. माझं मत विचाराल, तर मूळ दोरी होती तिथे दोरीच ठेवावी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायचं, तर गाडी मूळ रूपात असणं अपेक्षित आहे. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्या इंजिनाचे माप-अंदाज दोरी गृहीत धरून केलेले आहेत.

गळतंय ते खरंच मागच्या सीलमधून?

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. इंजिनाचं तेल गुरुत्वाने खाली येतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टरची नळी, फ्युएल पंपाचं पॅकिंग, कुठूनही गळालं तरी ओघळ शेवटी गिअरबॉक्सच्या तोंडाशीच जमतो. त्यात विलिससारख्या इंजिनांत कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये पत्र्याचं एक बूच असतं, तेही बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील झाकणाऱ्या घराच्या, आत. ते गंजून झिरपू लागलं तर बाहेरून बघणाऱ्याला मागच्या सीलची गळती वाटणार. गिअरबॉक्स उतरवला आणि हे बूच न बघता नुसतं सील बदललं, तर सगळी मेहनत पाण्यात.

आधी तेल कुठलं ते ओळखा. थेंब बोटावर घ्या. इंजिनाचं तेल काळपट आणि तुलनेने पातळ. गिअर ऑइल दाट, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. वास आला, तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टची आहे, क्रँकची नाही. मग इंजिनाची खालची बाजू रॉकेलने किंवा डीग्रीझरने स्वच्छ धुऊन सुकवा, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा. पांढऱ्या पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि जांभळ्या प्रकाशाची टॉर्चही मिळते. तिच्याने काम आणखी सोपं होतं.

गाडी कुठे आणि कधी गळते, हेही बोलकं असतं. दिवे घाट किंवा कात्रजचा चढ चढताना चेंबरमधलं तेल मागे सरकतं आणि शेवटच्या बेअरिंगच्या भोवती पातळी वाढते. वर इंजिनावर ताणही असतो. घाट चढून थांबल्यावर चांगले थेंब पडतात आणि सपाट रस्त्यावर काहीच नाही, तर मागच्या सीलचा संशय बळावतो. उलट, गाडी सहकारनगरसारख्या चढाच्या भागात उतारावर पुढचं तोंड वर करून रात्रभर उभी असेल आणि तेव्हाच डाग पडत असेल, तर आधी तोंड खाली करून उभी करून बघावी.

आणि किती गळतंय? एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. दर किलोमीटरला एक थेंब पडला, तरी १००० किलोमीटरमध्ये ५० मिलिलिटर जातं. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर तो डाग केवढा तरी दिसतो आणि चेअरमन येऊन बोलतात, पण इंजिनाला त्याने काही होत नाही. खाली ट्रे ठेवावा आणि निवांत राहावं. काम काढायचं ते क्लचवर तेल जाऊन क्लच घसरायला लागला तर. चढावर रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, ही त्याची खूण. दुसरं कारण म्हणजे गळती आठवड्या-आठवड्याने वाढत जाणं. बेलहाउसिंगच्या तळाशी एक भोक असतं. काही इंग्लिश गाड्यांत त्यात कॉटर पिन लोंबत असते, भोक बुजू नये म्हणून. ते भोक साफ ठेवावं. बुजलं तर तेल बाहेर न पडता आत साठतं आणि क्लचकडे जातं.

दाब आणि ढिलेपणा

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेल्या वायूचा काही भाग त्यांच्या बाजूने खाली, इंजिनाच्या पोटात घुसतो. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. विलिस इंजिनात तो एका व्हॉल्व्हमधून इनटेकला, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीला, जोडलेला असतो, म्हणजे इंजिन स्वतःच ते वायू ओढून घेतं. हा व्हॉल्व्ह काजळीने चिकटला किंवा कुणी नळी काढून तोंड बंद केलं, तर आतला दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. कुकरची शिट्टी अडकली की वाफ कडेच्या रबरी रिंगेतून फुसफुसते, तसंच. तिथे आपण रिंग नाही, शिट्टी साफ करतो. आटेवाल्या इंजिनाला तर दाब अजिबात सोसत नाही, कारण अडवायला काही नाहीच.

तपासणी अगदी सोपी. गरम इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. ब्रीदर ओढणाऱ्या प्रकारचा असेल आणि ठीक असेल, तर कागद हलका चिकटतो. कागद उडाला, धुराचे भपके आले, तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही फरक नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने तपासा: एकदा तसंच, एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून. तेल टाकल्यावर आकडा चांगलाच वाढला, तर रिंगा गेल्या आहेत. अशा इंजिनाला नवं सील लावणं काही आठवड्यांची सोय आहे. इंजिन बांधायचं कधी, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरी तपासणी प्लेची, म्हणजे शाफ्टच्या सैल हालचालीची. इंजिन बंद करा, कुणाला तरी क्लचचा पेडल दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुढच्या पुलीकडे बघा. पेडल दाबताना पुली पुढे सरकलेली डोळ्यांना दिसली, तर क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकणं, जास्त आहे. विलिसच्या चार सिलिंडर इंजिनात हा प्ले ०.१० ते ०.१५ मिलिमीटर असावा लागतो, आणि तो पुढच्या बाजूच्या शिमनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतो. एवढी हालचाल डायल गेजवरच कळते. डोळ्यांना दिसते तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते. क्रँक पुढे-मागे धावतो तेव्हा सीलचा ओठ एका जागी टिकत नाही.

वरखाली प्ले मोजायचा तर चेंबर उतरवून कॅप काढावी लागते. बेअरिंगवर प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मोजायच्या मऊ प्लास्टिकचा, धागा ठेवून कॅप ठरलेल्या जोराने आवळायची, पुन्हा काढायची, आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. फट मॅन्युअलमधल्या मापाबाहेर असेल, तर बेअरिंग बदला, गरज पडली तर क्रँक ग्राइंड करून त्या बारीक झालेल्या शाफ्टला बसणारं अंडरसाइझ बेअरिंग घाला. इथे एका जुन्या पद्धतीबद्दल कळकळीने सांगतो: प्ले कमी करायला बेअरिंग कॅपची कड कानशीने घासू नका, कुणी घासू लागलं तर हात धरा. कॅप घासली की गोल भोक अंडाकृती होतं. बेअरिंग वरखाली घट्ट, बाजूंनी सैल; आणि सीलची खाच त्याच कॅपमध्ये असल्याने सीलही अंडाकृती बसतं. पुढे कितीही चांगलं सील आणलं तरी ते तिथे टिकणार नाही, आणि ही चूक दुरुस्त करायला ब्लॉक लाइन-बोअरिंगला, म्हणजे सगळ्या मेन बेअरिंगांची भोकं एका रेषेत पुन्हा कापून घ्यायला, द्यावा लागतो.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची तार सोडा. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, घ्या. विटांवर, लाकडाच्या ठोकळ्यांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. विटा अचानक फुटतात. गिअरबॉक्स उतरवताना त्याला खालून जॅकचा आधार हवाच. बोल्ट काढून गिअरबॉक्स क्लच प्लेटमध्ये अडकलेल्या शाफ्टवर लोंबकळत ठेवला, तर प्लेट वाकते आणि नंतर क्लच सुटत नाही.

जुनी दोरी आणि जुन्या क्लच प्लेटा यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या कापडाने पुसा, मास्क लावा, कापड पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधली पोरं हवेची पाइप मारून बेलहाउसिंग साफ करतात, ते पाहून पोटात कालवतं.

बेलहाउसिंग उघडल्यावर लगेच पुसायला लागू नका. आधी तेल कुठे आहे ते बघा. फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू ओली असेल, तर सील किंवा कॅमचं बूच. क्लचकडची बाजू ओली आणि गिअरबॉक्सचं नाक ओलं, तर गिअरबॉक्स. फोटो काढून ठेवा. फ्लायव्हील काढायचं असेल तर क्रँकच्या संदर्भात त्याची जागा पंचने खूण करून ठेवा.

शाफ्टचा पट्टा नखाने तपासा. नख अडकलं तर तिथे ओठाने खाच पाडलेली आहे. सील एकसंध प्रकारचं असेल आणि शाफ्टचं टोक मोकळं असेल, तर दोन उपाय. एक, नवं सील दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकेल. मात्र मागची जागा आणि तेलाचं परतीचं भोक झाकलं जात नाही ना ते बघा. दुसरा उपाय स्टेनलेस स्टीलची पातळ स्लीव्ह, जाडी जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास, खाचेवर चढवायची. विलिसमध्ये हे जमत नाही: तिथे सील बेअरिंग आणि मोठ्या फ्लँजच्या (फ्लायव्हील बसायच्या चकतीच्या) मधल्या अरुंद पट्ट्यावर बसतं, आणि फ्लँजवरून स्लीव्ह आत जाणारच नाही. खोल खाच असेल तर क्रँक बाहेर काढून तो पट्टा भरून ग्राइंड करणं एवढंच उरतं.

दोन तुकड्यांचं रबरी सील क्रँक जागेवर असतानाही बदलता येतं. मागची कॅप काढा, बाकीच्या कॅप थोड्या सैल करा म्हणजे क्रँक केसभर खाली येईल. वरचा अर्धा तुकडा पितळेच्या मऊ काडीने एका बाजूने ढकला; दुसऱ्या बाजूने निघाला की पकडीने ओढून घ्या. स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर शाफ्टवर ओरखडा उठेल आणि तो कायमचा. नवा तुकडा तेल लावून सरकवताना ओठ ब्लॉकच्या धारेवर कापला जात नाही ना, याकडे लक्ष हवं. दोन्ही तुकड्यांचे सांधे कॅपच्या जोडरेषेवर येऊ देऊ नका. एक सेंटिमीटरभर फिरवून ठेवा. सिलिकॉन फक्त टोकांवर, टिपक्याएवढा. ओठावर सिलिकॉन लागलं तर ते सील संपलं. आणि जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून सुटतं, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळती थांबवण्याच्या नादात इंजिन गमावायची वेळ येते.

दोरीसाठी मात्र माझा आग्रह आहे की क्रँक बाहेर काढावा. वरची दोरी तारेच्या फासाने ओढून बदलायची युक्ती आहे, पण ओढताना दोरी ताणली जाऊन बारीक होते आणि खाचेत भरून बसत नाही. क्रँक बाहेर असताना दोरी खाचेत ठेवून गुळगुळीत गोल दांड्याने आधी दोन्ही टोकं, मग मधला भाग असं रोल करत दाबा. दोरी ग्राफाइटची नसेल तर आधी काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवा. मग टोकं धारदार पात्याने कापा: कडेशी समतल, फार तर अर्धा मिलिमीटर वर. एक सुतळीचा धागासुद्धा कॅप आणि ब्लॉक यांच्यामध्ये अडकता कामा नये. अडकला तर कॅप पूर्ण बसत नाही, बेअरिंगची फट बदलते आणि जोडातूनच तेल झिरपतं. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या पंपाची ग्लँड दोरी मिळते. ती इथे घालू नका. तिची विण आणि कडकपणा वेगळ्या कामासाठी असतो.

सील निवडताना तारीख बघा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधी कधी मूळ पाकिटातलं जुनं सील सापडतं आणि आनंद होतो. दोरी असेल तर जरूर घ्या. रबर असेल तर दोन बोटांत वाकवून बघा: कडक वाटलं, भेगा दिसल्या, तर ते आठवण म्हणून कपाटात ठेवा. नवं घेताना साध्या नायट्रिलपेक्षा व्हायटन रबराचं मिळालं तर ते घ्या, उष्णता जास्त सोसतं.

विलिसमध्ये आणखी एक जागा हमखास विसरली जाते. मागच्या कॅपच्या दोन्ही बाजूंना, कॅप आणि ब्लॉक यांच्यामधल्या भोकांत रबराच्या पट्ट्या घालायच्या असतात. त्या खालून सुमारे ६ मिलिमीटर बाहेर ठेवायच्या. चेंबर आवळला की तो त्यांना वर दाबतो आणि भोकं घट्ट बुजतात. नीटनेटकं दिसावं म्हणून या पट्ट्या समतल कापणारे मिस्त्री आहेत, आणि त्या गाड्या नवं सील घालूनही गळतात. मेन बेअरिंगचे बोल्ट ६५ ते ७५ फूट-पाउंड, टॉर्क पान्यानेच, दोन-तीन टप्प्यांत. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. अडखळला तर तिथेच थांबा.

हे सगळं हाताने शिकलेली माणसं पुण्यात अजून आहेत. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, आकुर्डीला बजाज आणि बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स). या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर काका दोरी कशी रोल करायची ते बोटांनी दाखवतात. जमेल तेव्हा त्यांच्या शेजारी उभं राहावं, विचारावं आणि लिहून ठेवावं.

काम झाल्यावर दोरीवालं इंजिन सुरुवातीला जड फिरतं. स्टार्टर रडल्यासारखा वाटला तरी घाबरू नका. बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा. पहिला अर्धा तास रेस न देता मध्यम गतीने चालवा, लांब आयडलिंग टाळा. सुरुवातीचे काही थेंब पडतील. दोरी तेल पिऊन बसली की कमी होतात. रबरी सील मात्र पहिल्या दिवसापासून कोरडं हवं. चेंबरचं पॅकिंग कॉर्कचं असेल तर ते तापल्यावर दबतं, म्हणून इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की चेंबरचे बोल्ट हलक्या हाताने पुन्हा बघा. जोर लावला तर पत्रा वाकतो आणि पॅकिंग बाहेर येतं. शंभरएक किलोमीटर झाले की खालून पुसून, पुन्हा एकदा टाल्कम पावडर मारून, एखादा घाट चढून या आणि बेलहाउसिंगच्या भोकाशी टॉर्च धरून बघा.